आत्याबाईंच्या बैठका

हे मी अजून कुणापाशीही बोललेले नाही. यांच्यापाशी - म्हणजे माझ्या नवऱ्यापाशी - नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही आणि लेकीपाशी तर नाहीच नाही. अकरा वर्षं झाली. आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे बरं का! साताऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, एकदा तोंड उघडलं की तास संपल्याची घंटासुद्धा मला ऐकू यायची नाही. अशा बाईच्या पोटात एखादी गोष्ट एवढी वर्षं राहिली, ती कसली असेल? सांगते. पण जरा दमानं घ्या, मला सरळ सांगता येईल असं वाटत नाही.

आधी आताचं सांगते, ते सोपं आहे. निवृत्तीनंतर आम्ही सांगलीला आलो, माझं माहेर इथलं. कॉलनीतल्या मारुतीच्या देवळामागं एक सभागृह आहे. तिथं रोज सकाळी साठीच्या पुढच्या बायका जमतात आणि मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. मी कुणी डॉक्टर नाही, फिजिओथेरपी शिकलेल्या एका मुलीकडून जेवढं नीट समजून घेतलं तेवढंच शिकवते. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, पुन्हा हळू बसायचं. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरून हात वर-खाली करायचे. कुणाला डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची पुडी दिलेली असते, कुणाला कॅल्शियमच्या गोळ्या. त्या वेळेवर घेतल्या का ते विचारते, आणि शेजारणीची पुडी बघून मनानंच आणणारीला चांगली फैलावर घेते. बायका मला घाबरतात. घाबरतात आणि येतात.

आणि त्यांनी आळस केला की मी त्यांना माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. 'आमच्या आत्याबाईंना डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं हो! पण हट्टी बाई. पुड्या घेतल्या, गोळ्या घेतल्या, व्यायाम म्हणून केला नाही. पडल्या, खुबा मोडला आणि आठ महिन्यांत गेल्या.' फार छान सांगते मी हे. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, सगळं मला येतं. बायका पदरानं डोळे टिपतात आणि निमूट खुर्च्या ओढून घेतात.

पडल्या हे खरं. खुबा मोडला हेही खरं. आणि गेल्या, ते तर खरंच. खोटं आहे ते मधलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई - आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांचं माहेर शिराळ्याकडचं. वडील नामांकित पैलवान, घराच्या समोरच तालीम. मामंजी फौजेत होते, हवालदार होऊन परत आले, गावाकडं ऊस केला आणि एका थंडीत गेले. त्यानंतर आत्याबाई आमच्याकडं साताऱ्याला राहायला आल्या. हे नोकरीसाठी कोयनेला असायचे, शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटे जायचे. लेक पुण्याला शिकत होती. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघीच. सासू-सुनेचं कसं असतं, तसंच आमचं होतं. भांडलो नाही कधी. पण मी शहरातली, शिकलेली, आणि त्या सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या - हे मी कधी विसरले नाही. त्यांनाही विसरू दिलं नाही, असं आता वाटतं.

एकदा गावाकडं भावकीत साखरपुडा होता. बायकांची पंगत भुईवर. जेवण झालं, बायका उठल्या आणि आत्याबाईंना उठताच येईना. हात टेकून बघितलं, गुडघ्यावर येऊन बघितलं. शेवटी वाढपातल्या दोन गड्यांनी काखेत हात घालून उचललं. त्यात डोक्यावरचा पदर खाली आला. भर मांडवात. ज्या बाईचा पदर मी पंचवीस वर्षांत एकदाही ढळलेला बघितला नव्हता, तिचा. साताऱ्याला येईपर्यंत त्या गाडीत पदर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. आणि चार दिवसांनी स्वतः होऊन म्हणाल्या, "सुनंदे, मला डागदरकडं ने."

तपासण्या झाल्या. हाडं विरविरीत झालेली, ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं, मांड्यांत ताकद नाही. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली, रोजच्या गोळ्या दिल्या, डाळी-उसळी वाढवा म्हणाले. आणि बजावून सांगितलं - नुसत्या पुडीवर राहू नका आजी, मांड्यांनी काम केलं पाहिजे. मग खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं. तिथल्या पोरीनं खुर्ची ठेवली आणि म्हणाली, उठा-बसा करा. आत्याबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. मग पदर तोंडाशी धरून अशा हसल्या, अशा हसल्या!

"अगं, आमच्या दारात तालीम हुती," घरी आल्यावर मला सांगत होत्या. "पर बाईमानसानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाई. दुधाची चरवी सुदीक भाईरच ठिवायची. म्या लय येळा दारातनं बघायची, माजं भाऊ बैठका मारायचं. आन आता ह्या वयात मला बैठका मारायला सांगत्यात!"

त्यांना त्याचा अभिमान वाटत होता. मला ते दिसत होतं - आंधळी नव्हते मी.

रोज सकाळी स्वयंपाकघरात आमची तालीम भरायची. सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा, समोर मी, माझे दोन्ही हात त्यांच्या हातात. दोनदा उठल्या की धाप. मग चार. मग उशी एक झाली, मग गेली. मी पोळ्या लाटत असायची आणि त्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. मोठ्यानं मोजायच्या, येक, दोन, तीन. दहा झाल्या की इकडं-तिकडं बघायच्या - मोलकरीण नाही ना, दार लोटलेलं आहे ना - आणि हळूच मांडीवर थाप मारून शड्डू ठोकायच्या. पैलवान ठोकतात तसा, पण अगदी बारीक आवाजात. आणि लाजायच्या. सत्तरीची बाई, नव्या नवरीसारखी लाजायची. हे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी बघितलेलं नाही.

त्यांचं मागणं एकच होतं. भुईवरनं कुणाचा हात न धरता उठायचं, बास. आणि मार्गशीर्षात एके दिवशी त्या उठल्या हो! सतरंजीवर बसल्या होत्या, एक पाय पुढं घेतला, हात स्वतःच्याच गुडघ्यावर ठेवला आणि उभ्या राहिल्या. मी पळत जायला लागले तर डोळ्यांनीच दटावलं. यांना फोन करते म्हटलं, तर नको म्हणाल्या. "त्येला आत्ता सांगू नगं. चैतात जत्रंला जाऊ तवा पंगतीत उठून दावते. सगळ्या गावाम्होरं." म्हणून यांना काही माहीत नव्हतं. आई व्यायाम करते, हेच त्यांना माहीत नव्हतं - शनिवार-रविवारी आत्याबाई खुर्चीला हात लावायच्या नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण माझं खोटं पुढं याच्यावरच उभं राहिलं.

आता ते सांगायला पाहिजे, नाही का? केव्हाची टाळते आहे.

मला नकला करता येतात. लहानपणापासून. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या घरात, स्टाफरूममध्ये - 'नक्कल करावी तर सुनंदाबाईंनी' असं लोक म्हणायचे आणि मी फुगायची. हेडमास्तरांची चाल, वरच्या मजल्यावरच्या काकूंचं शिंकणं, काही सोडलं नाही. लोक हसले की मला दुसरं काही दिसत नाही. तेव्हा दिसत नव्हतं.

संक्रांतीला आमच्याकडं हळदीकुंकू होतं. मामंजी गेल्यापासून आत्याबाई हळदीकुंकवाला आतल्या खोलीत बसायच्या, रीतच तशी. आणि मी - पुढारलेली ना मी! - त्या वर्षी जाहीर केलं की यंदा आत्याबाईंनी बाहेर आमच्यात बसायचं. तीन दिवस मागं लागले. हो-नाही करत त्या कबूल झाल्या. तिळाच्या वड्या त्यांनीच थापल्या. बायका जमल्या, दहा-बाराजणी, कॉलनीतल्या आणि शाळेतल्या. आत्याबाई आत इरकली लुगडं नेसत होत्या. कुणीतरी विचारलं, सासूबाई दिसत नाहीत? कशी आहे तब्येत?

साधं उत्तर द्यायचं होतं. बऱ्या आहेत, येतील आता. एवढंच. काय जड होतं त्यात?

मी उठले. पदर खोचला. म्हटलं, तब्येत? अहो आमच्या घरात पैलवान तयार होतोय! आणि खुर्चीवर बसून कुंथत उठले, डोळे वटारून, गाल फुगवून. पुन्हा बसले, पुन्हा उठले. येक - दोन - अगदी त्यांच्या आवाजात. ओट्याऐवजी टीव्हीचं टेबल धरलं आणि टाचा उचलत डुलले. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एकीला ठसका लागला. तेवढ्यावर थांबले असते तरी - नाही, थांबले नाही. इकडं-तिकडं चोरून बघितलं, जशा त्या बघायच्या तसं, आणि मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला. म्हटलं, आता कुस्तीला उतरवायचंच बाकी आहे!

आतल्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. हातात वड्यांचं ताट. त्या हसत होत्या. बाहेर हशा ऐकून, आपणही त्यात सामील व्हायचं म्हणून हसतच आल्या असाव्यात. ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मग कळत गेलं त्यांना. एकेक करून बायका नजर खाली घालून पदर सारखे करायला लागल्या. मी काय केलं असेल? मी म्हटलं, "या या, आत्याबाई, तुमचंच चाललंय!" आणि पुन्हा हसले. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं. सगळ्यांना नीट तिळगूळ दिला, कुणाला सोडलं नाही, मलाही दिला. मग म्हणाल्या, "डोकं दुकतंय गं, जरा पडते." आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची नव्हती. म्हणजे होती, पण कोपऱ्यात, वर जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवलेली. म्हटलं, आज नाही का? म्हणाल्या, थंडी हाय. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, कंबर धरलीया. त्यानंतर मी विचारलं नाही.

विचारलं नाही, हे फार सभ्य भाषेत झालं. खरं सांगू? मला बरं वाटलं. शाळेच्या घाईत सकाळची पंधरा मिनिटं मोकळी झाली. पुडी चालू होती. दर गुरुवारी दुधात कालवून मी स्वतः द्यायची, गोळ्या द्यायची, आणि मनाला सांगायची की औषध तर चुकत नाही ना. चूक झाली म्हणायला मला एक मिनिट लागलं असतं. मी त्यांना कितीदा जेवायला वाढलं, केस विंचरून दिले, गोधडी पांघरली - शंभरदा ते मिनिट येऊन गेलं. शिक्षिका ना मी, चूक दुसऱ्यांची काढायची सवय. चैत्रात जत्रेला गेलो. पंगत बसली तेव्हा आत्याबाई भूक नाही म्हणाल्या आणि ओसरीवर खुर्चीत बसून राहिल्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, काय आजी, व्यायाम चालू आहे ना? त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. "कुठलं हो डॉक्टर! ऐकतच नाहीत. हट्टी आहेत फार." आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही - राग असता तर मी आज कदाचित हे सांगत नसते. नुसतं बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "व्हय, माजाच कट्टाळा." डॉक्टर रागावले. चांगली पाच मिनिटं त्यांनी त्या म्हातारीला ऐकवलं आणि तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीवर फाईल धरून बसले होते.

पावसाळ्यात एका दुपारी मी शाळेत असताना त्या भुईवर बसून मेथी निवडत होत्या. उठताना प्लॅस्टिकच्या खुर्चीचा आधार घेतला, खुर्ची सरकली, त्या कुशीवर पडल्या. मी साडेपाचला घरी आले तोवर तिथंच होत्या. मेथी निवडून झालेली होती.

हे कोयनेहून थेट दवाखान्यात आले. आईवर जीव होता त्यांचा, आणि भ्यालेला माणूस ओरडतो तसे ते ओरडले. वॉर्डात, सगळ्यांच्या देखत. "डॉक्टरांनी सांगितलं हुतं ना तुला? सुनंदा रोज मागं लागायची, तर ऐकाय काय झालं हुतं? स्वतःच्या हातानं करून घेतलंस हे, आई!" सुनंदा रोज मागं लागायची - हे त्यांना कुणी सांगितलं? मीच, फोनवर, हे वाटेत असताना. मला वाटलं, आता त्या बोलतील. बोलायलाच पाहिजे होतं त्यांनी! मी पाण्याची बाटली छातीशी धरून वाट बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, त्या बोलू नयेत म्हणून देवाला नवस बोलत होते. आत्याबाई लेकाकडं बघून म्हणाल्या, "चुकलं रं बाबा."

त्या गेल्या तेव्हा यांनी खांदा दिला. आणि अजूनही दरवर्षी त्यांच्या तिथीला नैवेद्याचं पान मांडलं की हे म्हणतात, 'हट्टी होती आई. ऐकलं असतं तर अजून दहा वर्षं जगली असती.' आईची आठवण काढताना त्यांना आधी आईचा राग येतो. तो राग मी त्यांना दिला. आता हेही साठीच्या पुढं गेले. माझ्याकडं बघतात आणि सांगतात लोकांना, सुनंदानं लय केलं आईचं. आणि मी वाढत राहते. भात, वरण, खीर.

आता का सांगते आहे? मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एक बाई यायच्या बंद झाल्या. गुडघ्यांनी चांगला जोर धरला होता त्यांच्या. मुलगा कुपवाडला कारखान्यात, सून घरी. मी त्यांच्या घरी गेले तडतडत. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरात करायला लागलं की सून हसती हो बाई. लाज वाटती." तिथं, त्या बाईच्या ओसरीवर, मला सांगता आलं असतं. आणि मी काय केलं, माहीत आहे? सवयीनं सुरुवात केली, "आमच्या आत्याबाई अशाच हट्टी -" आणि तीच गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. त्या बाई रडल्या. दुसऱ्या दिवसापासून यायला लागल्या. सगळे म्हणाले, सुनंदाताईंनी समजूत घातली.

ते असो. एक राहिलं आहे, तेवढं सांगते.

ऑपरेशननंतर दवाखान्यातली तीच फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायला लागली. पहिल्या दिवशी तिनं आत्याबाईंना पडल्या पडल्या घोटा हलवायला सांगितलं, गुडघा गादीत दाबायला सांगितला. त्या हलेनात. मुलगी म्हणाली, दुखतंय का आजी? नाही म्हणाल्या. मग करा की. तरी नाही. बराच वेळ त्या दाराकडं बघत होत्या. मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "दार लावून घे." मी दार लावलं, कडी घातली आणि पाय धरायला पलंगाजवळ आले. त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं.

"आतनं न्हवं गं," त्या म्हणाल्या. "तू भाईर थांब."

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. त्यानंतर ती मुलगी आली, की मी न सांगताच बाहेर जाऊन उभी राहायची.